कापशाच्या जबड्यावरचं गळू

पत्र: «आमचा ससा कापशा साडेआठ वर्षांचा आहे. मुलगी नववीत असताना तिनं हट्टानं आणला. आता ती शिकायला बेंगळुरूला आहे आणि तो माझ्याजवळ. दिवाळीच्या सुमारास त्याच्या खालच्या जबड्याला डाव्या बाजूनं सुपारीएवढी गाठ आली. इथल्या डॉक्टरांनी चीर देऊन पू काढला, इंजेक्शनं दिली. महिन्याभरात गाठ पुन्हा आली. असं तीनदा झालं आणि आता चौथ्यांदा हाताला लागतेय. खातो, पण सावकाश. गाजराचा तुकडा तोंडातून पाडतो, हनुवटी ओली असते. औषधाच्या दुकानात म्हणाले, लहान मुलांचं अमॉक्सिसिलीनचं सिरप द्या, इंजेक्शनासारखंच असतं. मिस्टर म्हणतात, किती हाल करणार त्याचे? शेजारच्या काकू म्हणतात, कासकडे रानात सोडून द्या. चौथ्यांदा कापायचं का? माझ्याकडून स्वच्छतेत काही कमी पडतंय का? मुलीची परीक्षा आहे म्हणून तिला अजून काही सांगितलेलं नाही. — एक आई, सातारा»

ताई, ते सिरप देऊ नका. पत्र मिळालं त्याच दिवशी तुम्हाला तसं कळवलं होतं, पण घरात ससा असलेल्या प्रत्येकानं हे वाचायला हवं म्हणून इथे पुन्हा लिहितो. सशाचं पचन त्याच्या आतड्यातल्या जिवाणूंवर चालतं. अमॉक्सिसिलीन किंवा अँपिसिलीन तोंडावाटे गेलं की त्यातले उपयोगी जिवाणू मरतात, क्लॉस्ट्रिडियम जातीचे जिवाणू माजतात आणि त्यांच्या विषानं ससा जुलाब होऊन काही दिवसांत दगावू शकतो. क्लिंडामायसीन, लिंकोमायसीन आणि तोंडावाटे द्यायची सेफॅलोस्पोरिन गटातली औषधंही तशीच धोक्याची. गोंधळ असा होतो की पेनिसिलीनची काही इंजेक्शनं सशांना खरोखर देतात, आणि गळवांवर ती उपयोगीही पडतात. पण कातडीखाली टोचलेलं औषध आणि पोटातून गेलेलं औषध यांत सशापुरता जीवनमरणाचा फरक आहे. दुकानदाराचा हेतू चांगला असेल, पण सशाचं औषध सशाच्या डॉक्टरांकडूनच घ्यायचं.

आता तुमच्या मनात सलणारा प्रश्न. तुमच्या स्वच्छतेत काही कमी पडलेलं नाही. सशाचं गळू परत येतं ते सशाच्या शरीराच्या घडणीमुळे. गाईला, कुत्र्याला गळू झालं की पू पातळ असतो. चीर दिली की वाहून जातो, पोकळी भरते, काम संपतं. सशाच्या पांढऱ्या पेशींमध्ये पू पातळ करणारी द्रव्यं फार थोडी असतात, म्हणून त्याचा पू चक्क्यासारखा घट्ट असतो. चीर दिली तरी तो आपसूक वाहत नाही. शिवाय त्याच्याभोवती शरीर एक जाड पिशवी तयार करतं, आणि रक्तातून आलेलं औषध त्या पिशवीच्या आत पुरेसं पोहोचतच नाही. वरून पू काढला, पिशवी आत राहिली, की काही आठवड्यांत ती पुन्हा भरते. तुमच्या डॉक्टरांना दोष देऊ नका. दिवसभर गाई-म्हशी आणि कुत्री बघणाऱ्या माणसाच्या हातात जी पद्धत बसलेली असते तीच त्यांनी वापरली.

पण मला पिशवीपेक्षा जास्त काळजी वाटतेय ती तुम्ही ओघात लिहून गेलेल्या एका वाक्याची: गाजर पाडतो, हनुवटी ओली असते. खालचा जबडा, एकच बाजू, पुन्हा पुन्हा त्याच जागी गाठ आणि जोडीला लाळ. हे सगळं दाढेकडे बोट दाखवतं. सशाला अठ्ठावीस दात असतात आणि ते सगळे जन्मभर वाढत राहतात. पुढचे दात तर आठवड्याला दोन ते तीन मिलिमीटर वाढतात. चरून, चावून ते झिजत राहिले तर ठीक. चावणं कमी झालं, म्हणजे पेलेट (सशाचं तयार दाणेदार खाद्य), बिस्किटं, पोळी, गाजर असं मऊ खाणं वाढलं, की दाढा नीट झिजत नाहीत. त्या वरून टोकदार होऊन जिभेला, गालाला टोचतात. शिवाय खालून त्यांची मुळं जबड्याच्या हाडात घुसत जातात. तिथे फट पडते, अन्नाचे कण आणि जिवाणू आत शिरतात, आणि हाडात गळवाची सुरुवात होते. बाहेरून दिसते ती सुपारी म्हणजे आतल्या दुखण्याचं शेवटचं टोक. मुळाशी खराब दाढ असेल तर बाहेरून कितीही वेळा कापलं तरी गाठ येतच राहणार.

म्हणून चौथ्यांदा कापायचं का, याचं माझं उत्तर: पूर्वीसारखं वरून कापायचं असेल तर नको. आधी डोक्याचे एक्स-रे काढा, आणि ते वेगवेगळ्या बाजूंनी काढा. एकाच बाजूनं काढला तर डाव्या-उजव्या दाढा एकमेकींवर येतात आणि काही कळत नाही. सीटी स्कॅनची सोय जवळपास असेल आणि खर्च झेपत असेल तर त्याहून चांगलं. तोंडात नुसतं बॅटरी मारून बघणं पुरत नाही, कारण सशाचं तोंड जेमतेम उघडतं आणि मागच्या दाढा गालाच्या आड राहतात.

साताऱ्याहून तुम्हाला शिरवळचं क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यक महाविद्यालय जवळ पडेल. पुण्यात ससे, पक्षी, कासवं नेमानं बघणारे खासगी डॉक्टर मिळतात. मुंबईला जाणं-येणं असेल तर परळला बाई साकरबाई दिनशॉ पेटिट हे जनावरांचं जुनं रुग्णालय आहे आणि तिथेच मुंबई पशुवैद्यक महाविद्यालयही. पण कुठेही जाण्याआधी फोन करा. सशांच्या दाढांचं काम तुमच्याकडे कोण करतं आणि ते कोणत्या दिवशी असतात, हे स्पष्ट विचारा. आणखी एक प्रश्न जरूर विचारा: ऑपरेशनच्या आधी सशाला किती तास उपाशी ठेवायचं? सशाला उलटी होतच नाही, त्यामुळे कुत्र्या-मांजरासारखं रात्रभर उपाशी ठेवण्याची गरज नसते, उलट पोट रिकामं राहिलं तर आतडी थंडावतात. 'रात्रीपासून काही देऊ नका' असं उत्तर आलं, तर नम्रपणे दुसरा नंबर लावा.

गळू उघडलं जाईल तेव्हा तपासणीसाठी नमुना पिशवीच्या भिंतीचा घ्यायला सांगा. मधल्या पुवात बऱ्याचदा जिवंत जिवाणू सापडतच नाहीत, अहवाल कोरा येतो, आणि मग औषध अंदाजानं चालू राहतं. भिंतीचा तुकडा दिला तर कोणत्या औषधानं हा जिवाणू मरेल ते कळण्याची शक्यता बरीच वाढते.

एक्स-रेमध्ये काय दिसेल त्यावर पुढचं ठरेल. एखाद-दुसरी दाढ खराब आहे, हाड बऱ्यापैकी शाबूत आहे, असं निघालं तर नीट आखून केलेलं एक ऑपरेशन करण्यासारखं आहे. त्यात दाढ काढतात, पिशवी शक्य तितकी पूर्ण काढतात, खराब हाड खरवडतात. पुष्कळदा जखम शिवून बंद करत नाहीत. तिच्या कडा आजूबाजूच्या कातडीला टाके घालून उघड्या ठेवतात आणि ती रोज धुऊन आतून बाहेर भरू देतात. पहिल्यांदा बघताना जीव घाबरतो, पण सशाच्या गळवासाठी ही चांगली पद्धत आहे. यात घरच्या माणसाचे कित्येक आठवडे जातात, हे आधीच सांगून ठेवतो, कारण तुमच्या घरात ते माणूस तुम्हीच आहात.

हाड दूरवर पोखरलं असेल, किंवा रक्ततपासणीत मूत्रपिंडं कमजोर निघाली, तर मात्र मी ऑपरेशनचा आग्रह धरणार नाही. भुलेचा धोका खरा आहे. ब्रिटनमध्ये झालेल्या आणि २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत भूल दिलेल्या सशांपैकी सुमारे १.४ टक्के दगावले होते. कुत्र्यांत हेच प्रमाण ०.१७ टक्के होतं. आधीच आजारी असलेल्या सशांत ते सात टक्क्यांच्या वर गेलं होतं. साडेआठ वर्षं म्हणजे सशाचं म्हातारपण आहे. घरात सांभाळलेला ससा आठ ते बारा वर्षं जगतो. पण नुसत्या वयाकडे बघून नाही म्हणू नका. वजन टिकवून असलेला, लेंड्या नीट टाकणारा म्हातारा ससा भूल सोसू शकतो. खंगलेला तरुण ससा सोसेलच असं नाही.

ऑपरेशन नाही म्हणजे काही करायचं नाही, असं अजिबात नाही. सशाला चालणारी अँटिबायोटिक लांब मुदतीनं देता येतात, दुखणं आटोक्यात ठेवता येतं, गाठ मोठी झाली की तेवढ्यापुरती रिकामी करता येते. अशा रीतीनं गळू अंगावर घेऊनही बरेच ससे चांगले जगतात. चरतात, उन्हाच्या तिरिपेत पाय पसरून झोपतात, हाक मारली की येतात. ताई, गाठ किती मोठी झाली हे रोज बघत बसाल तर खचून जाल. तो किती खातो ते बघा. माझ्या दृष्टीनं या आजारातलं खरं माप तेच आहे.

त्यासाठी स्वयंपाकघरातला वजनकाटा कामाला लावा. दर रविवारी सकाळी टोपलीत बसवून वजन घ्या आणि कॅलेंडरवर लिहा. शंभर-दीडशे ग्रॅमची घट डोळ्याला दिसत नाही, काट्याला दिसते, आणि दोन-अडीच किलोच्या जिवाला ती खूप असते. लेंड्यांकडेही रोज नजर टाका. लहान, सुक्या, वेड्यावाकड्या व्हायला लागल्या की खाणं कमी झालंय असं समजा. दहा-बारा तास काहीच खाल्लं नाही, लेंड्या थांबल्या, कान थंड लागले, पाठ वर करून कोपऱ्यात बसला, तर सकाळची वाट न बघता डॉक्टरांना फोन करा. सशांच्या बाबतीत ही तातडीची वेळ असते.

खायला मुख्य सुकं गवत. बाहेरून आलेलं टिमोथी महाग पडतं, पण ओटचं वाळलेलं गवत किंवा बुरशी-धूळ नसलेलं, मऊ पात्याचं आपल्याकडचं गवतही चालतं. कडबा फार राठ असतो, दुखऱ्या तोंडाला नको. लसूणघासात कॅल्शियम जास्त, म्हाताऱ्या सशाच्या मूत्रपिंडांना आणि मूत्राशयाला ते जड जातं, म्हणून ते क्वचितच द्या. ताजी हरळी जरूर द्या, फक्त रस्त्याकडेची किंवा फवारणी झालेली नको. कोथिंबीर, पुदिना, मुळ्याचा पाला धुऊन आणि बारीक चिरून दिला तर दाढ दुखत असतानाही तो खाऊ शकेल. गाजर मात्र जवळजवळ बंदच करा. ससा म्हटलं की गाजर हे आपल्या डोक्यात चित्रांमुळे बसलंय. त्यात साखर बरीच असते, आणि त्याला ते चावताही येत नाहीये. चावणं फारच जड झालं तर पेलेट कोमट पाण्यात भिजवून, कुस्करून, सुई नसलेल्या सिरिंजनं तोंडाच्या बाजूनं थोडं थोडं भरवा. समोरून जोरात सोडलं तर ते श्वासनलिकेत जातं.

जखम उघडी असेल तर धुण्यासाठी सलाईन, तेही किंचित कोमट. डेटॉल नको, हायड्रोजन पेरॉक्साइड नको. दोन्हींनी नवी भरून येणारी कातडी जळते. हळद आणि तूप लावायचं मनात येईल, आपल्या घरांत ते पहिलं सुचतं. पण ते जखमेत थर धरून बसतं आणि खाली पू कोंडतो. मधाचा उपयोग सशांच्या जखमांवर होतो हे खरं, पण तो जखमांसाठी निर्जंतुक केलेला मध असतो, आणि लावायचा की नाही ते डॉक्टरांनी जखम बघून ठरवायचं. गाठ घरी दाबून फोडायचा मोह कधीही होऊ देऊ नका. पिशवी आतल्या आत फुटली तर पू आजूबाजूच्या मांसात पसरतो.

हे काम एकटीनं करू नका. मिस्टरांना धरायला बसवा. टॉवेलात गुंडाळून, मागचे पाय खालून आधार देऊन, मांडीवर न घेता जमिनीवर चटई टाकून त्याला धरायचं. ससा दचकून मागच्या पायांनी जोरात लाथ मारतो आणि अधांतरी असेल तर त्याचं स्वतःचंच कंबरेचं हाड मोडतं. पाठीवर उताणा निजवला की तो शांत पडतो, म्हणून काही जण तसं करतात. ती शांतता भीतीची असते, तसं करू नका. गळ्यात प्लास्टिकचा चोंगा घालायला सांगितला तरी आधी दुसरा उपाय विचारा. ससा रात्री-पहाटे स्वतःच्या मऊ लेंड्या थेट अंगाशीच तोंड नेऊन खातो आणि त्याला त्या लागतात. चोंग्यामुळे तेही बंद होतं.

पाऊस तोंडावर आलाय, म्हणून माशांबद्दल जरा जास्त सांगतो. उघडी जखम, लाळेनं ओली हनुवटी, म्हातारपणामुळे स्वतःला चाटून साफ करता न आल्यानं ओलसर राहिलेला मागचा भाग, या तिन्ही जागी माशी अंडी घालते आणि दमट हवेत एका दिवसात अळ्या पडतात. अळ्या सशाला जिवंतपणी खातात, आणि हे इतकं झपाट्यानं होतं की सकाळी ठीक दिसलेला ससा संध्याकाळी हाताबाहेर जातो. जाळीच्या खिडकीच्या खोलीत ठेवा. दिवसातून दोनदा जखम आणि शेपटीखालचा भाग उजेडात बघा. खाली तारेची जाळी नको, सुती चादर अंथरा आणि ओली झाली की बदला. एक अळी दिसली तरी थेट दवाखाना गाठा. फिनेल किंवा गुरांचा अळ्या मारायचा फवारा घरातून मारू नका. आणि जखमेला हात लावल्यावर दरवेळी साबणानं धुवा.

दुखण्याचं काय, हे तुम्ही विचारलेलं नाही, पण मिस्टरांच्या प्रश्नात तेच दडलेलं आहे. ससा ओरडत नाही. शिकार होणारा प्राणी आहे तो, वेदना लपवणं त्याच्या रक्तात आहे. पण चेहऱ्यावर ती उमटते, आणि २०१२ साली संशोधकांनी सशाच्या चेहऱ्यावरून दुखणं ओळखायची एक मोजपट्टीच प्रसिद्ध केली. डोळे अर्धवट मिटलेले, गाल आत ओढल्यासारखे चपटे, नाकपुड्या ताणलेल्या, मिशा ताठ, कान घट्ट मागे चिकटलेले. कापशा निवांत असताना त्याचा एक फोटो काढून ठेवा आणि शंका आली की त्याच्याशी ताडून बघा. मेलॉक्सिकॅमसारखं वेदनाशामक सशांना चालतं, सशांचे डॉक्टर ते अनेकदा लांब मुदतीनंही देतात, मात्र प्रमाण त्यांनीच ठरवायचं आणि मूत्रपिंडांवर लक्ष ठेवायचं. माणसांच्या गोळ्या तोडून देऊ नका. आत्तापर्यंत तीन वेळा कापलं तेव्हा घरी द्यायला वेदनाशामक मिळालं होतं का, हे तुमच्या पत्रात नाही. मिळालं नसेल तर या वेळी आग्रहानं मागा. दुखणं थांबलं की खाणं वाढतं, हे मी माझ्या टेबलावरच्या सशांत सतत बघत आलोय.

मिस्टरांचं बोलणं मनाला लावून घेऊ नका. 'किती हाल करणार' हा कठोर माणसाचा प्रश्न नाही, त्यांनाही बघवत नाहीये. त्यांच्याबरोबर बसून आत्ताच, डोकं शांत असताना, दोन-तीन गोष्टी ठरवून घ्या. वेदनाशामक चालू असूनही तो सलग काही दिवस स्वतःहून खात नसेल, प्रत्येक घास सिरिंजनंच द्यावा लागत असेल, वजन घटायचं थांबत नसेल, तुम्ही खोलीत गेल्यावर पूर्वीसारखा पुढे न येता तोंड फिरवून बसत असेल, तर त्याला भुलेच्या इंजेक्शनानं शांतपणे जाऊ देणं योग्य आहे. ते डॉक्टरांकडूनच, आधी पूर्ण भूल देऊन. त्यात क्रूरपणा नाही आणि तुमची हारही नाही. पण आज तुम्ही लिहिलंय त्यावरून तो त्या टप्प्यावर नाही. सावकाश का होईना, स्वतःच्या तोंडानं खातोय. आधी एक्स-रे होऊ द्या.

कासच्या रानाबद्दल मात्र मी तुमच्या काकूंना हात जोडून नाही म्हणेन. आपल्या माळावर धावतो तो रानससा वेगळी जात आहे. कापशा युरोपातल्या, बिळात राहणाऱ्या सशांच्या वंशातला पाळीव जीव. पांढरा रंग, कमजोर दात, आठ वर्षं माणसाच्या हातचं खाणं. तिथे तो एक रात्रही काढणार नाही, कुत्री किंवा कोल्हा त्याला फाडेल. उपासमारीनं हाल होतील अशा रीतीनं पाळीव प्राणी सोडून देणं १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हाही आहे. कायदा नसता तरी हेच सांगितलं असतं.

राहिली मुलगी. ताई, तिला सांगा. परीक्षेचे पेपर चालू असतील तर शेवटचा पेपर होऊ द्या, पण त्याच संध्याकाळी सांगा, आणि एक्स-रेच्या निकालापर्यंत थांबू नका. आई आपल्याला जपण्यासाठी गप्प राहिली हे तिला नंतर समजेल, पण निरोप घ्यायची संधी गेली तर ती खंत तिच्याजवळ राहील. तिनं त्याला हट्टानं आणला होता, निर्णयातही तिचा वाटा असू दे. सुट्टीत घरी आली की जखम धुण्याची एक पाळी तिच्याकडे द्या. तुम्ही आठ महिने हे एकटीनं ओढताय, तुम्हालाही एखादी रात्र सलग झोप हवी.

शिरवळला किंवा पुण्याला जाल तेव्हा सकाळी लवकर निघा, ऊन चढायच्या आत पोहोचाल असं. सशाला घामावाटे अंग थंड करता येत नाही, गाडीत तो पटकन तापतो. टोपलीत सुती कापड, मूठभर नेहमीचं गवत, पाण्याची बाटली, आणि टॉवेलात गुंडाळलेली बर्फाची बाटली एका बाजूला, म्हणजे हवं तेव्हा टेकेल, नको तेव्हा सरकेल. आत्तापर्यंत दिलेल्या सगळ्या औषधांची नावं कागदावर लिहून न्या, रिकाम्या बाटल्या असतील तर त्याच घेऊन जा. एक्स-रे झाले की त्यांचे फोटो आणि वजनाचे आकडे मला पाठवा, मग ऑपरेशन करायचं की औषधांवर ठेवायचं याबद्दल नीट बोलू.